सहा चौकोन आणि इंदूबाई

मी आयुष्यात काढलेल्या सगळ्यात देखण्या चित्रात इंदूबाई बसत नव्हत्या. सहा चौकोन, त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा, एकही रेषा दुसरीला ओलांडत नव्हती. आणि त्या चित्रात जागा नव्हती म्हणून त्या बाईचा डोळा जायची वेळ आली. तेच सांगायला बसले आहे. पण एकदम तिथे उडी मारली तर तुम्ही म्हणाल, चित्राचा आणि डोळ्याचा काय संबंध? म्हणून आधी माझा धंदा सांगते.

मी चित्रकार नव्हे. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी माझा आंबा बघून 'वांगं छान जमलंय' म्हटल्याचं अजून आठवतं. मी बीडमध्ये एका कापड दुकानाच्या माडीवर सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या ऑफिसात नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. नातेवाइकांना शेवटपर्यंत माझं काम कळलं नाही. 'शैला कॉम्प्युटरचं करते' एवढं त्यांना माहीत, त्यामुळे कुणाच्या पोराचा फॉर्म भरायचा असो की कुणाच्या मोबाइलचा आवाज गेलेला असो, माणूस थेट माझ्या दारात. नणंदेचे जावई तर एकदा मिक्सर घेऊन आले होते. त्यातही बटणं असतात, असं त्यांचं म्हणणं.

माझं खरं काम प्रोग्राम लिहिण्याच्या आधीचं. ज्याला सॉफ्टवेअर हवंय त्याच्याकडे जायचं, त्याचं काम कसं चालतं ते विचारायचं, आणि ते शब्दांत न लिहिता चित्रात काढायचं. घर बांधण्याआधी मिस्त्री नकाशा दाखवतो, तसं. ते चित्र त्या माणसाला दाखवायचं, त्याने नाकं मुरडायची, आपण खोडायचं, पुन्हा काढायचं. सगळं त्याच्या मनासारखं झालं की सही घ्यायची. मग प्रोग्राम.

हे शहाणपण मला जन्मतः नव्हतं. पहिली पंधरा-सोळा वर्षं मी इतरांसारखीच होते. गिऱ्हाईक बोलायचं, मी मान हलवायची, महिनाभर खाली मान घालून प्रोग्राम लिहायची आणि नेऊन दाखवला की गिऱ्हाईक म्हणायचं, "हे न्हाई म्हनलतो मी." काय म्हनलतो, ते त्यालाही सांगता यायचं नाही. दोघंही एकमेकांकडे बघत चहा प्यायचो.

मग राजाभाऊ आले. माजलगावकडच्या बागायतदाराचा मुलगा. घरी ऊस, दोन ट्रॅक्टर, चुलते राजकारणात, आणि हा गडी पुण्यातली नोकरी सोडून बीडला आला आणि आमचं ऑफिसच चालवायला घेतलं. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण मालक. पहिल्याच दिवशी भिंतीवर पांढरा फळा ठोकला, काखेतलं जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "शैलाताई, आजपासून आधी चित्र, मग प्रोग्राम."

"राजाभाऊ, माझं वय शेचाळीस आहे," मी म्हटलं.

"मग घाई करा."

त्यांनी शिकवायला सुरुवात केली. जग म्हणे कामांच्या यादीने बनलेलं नाही, ते वस्तूंनी बनलेलं आहे. पुस्तकात त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. प्रत्येक वस्तूला काहीतरी माहीत असतं आणि प्रत्येक वस्तू काहीतरी करते. दुसरीला जे माहीत आहे ते तिने आपल्या डोक्यात भरून घ्यायचं नाही, गरज पडली तर विचारायचं. एक चौकोन काढा, त्याचे तीन कप्पे करा. वर नाव, मधे माहिती, खाली काम.

तीन दिवस माझ्या डोक्यात काही शिरेना. चौथ्या दिवशी घाटनांदूरचं आमचं किराणा दुकान आठवलं. गल्ल्यावर माझे वडील बसायचे, सगळे त्यांना बापू म्हणायचे. तराजूला वजन कळायचं, भाव कळायचा नाही. भाव बापूंना कळायचा, आणि तो त्यांनी तराजूला कधी सांगितला नाही. मी हे बोलून दाखवलं तर राजाभाऊ खुर्चीवरून उठलेच. "ताई, पुस्तकात हे समजवायला वीस पानं घातलीत!" मी म्हटलं, "पुस्तकवाल्याचं किराणा दुकान नसेल."

पण खरी शिकवणी झाली मांजरसुंब्याला. एका कामावरून परतताना आम्ही ढाब्यावर चहाला थांबलो होतो. राजाभाऊंनी खिशातून पेन काढलं. "ताई, हा ढाबा काढा. यूज केस."

यूज केसचं चित्र सोपं असतं. मोठी चौकट, आत लंबगोल, बाहेर काडीमाणसं. काडीमाणूस म्हणजे लहान पोरं काढतात तसा, गोल डोकं आणि पाच काड्या. तो बाहेर उभा राहून काहीतरी मागतो. तो जे मागतो ते लंबगोलात लिहायचं. मी कागदी पिशवी फाडून काढायला घेतलं. आचारी काढला, पोऱ्ये काढले, मालक काढले आणि उत्साहात भट्टीलाही दोन हात, दोन पाय लावले.

"भट्टीला हात कावून दिले?" राजाभाऊंनी विचारलं.

"भाजते की ती."

"मागते का काही?"

"लाकडं मागते," मी म्हटलं. मी सहजासहजी हरत नाही.

तेवढ्यात ढाब्याचे मालक अण्णा चहा ठेवायला आले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले. अण्णा म्हणजे शंभर किलोचा माणूस. "हा कोन हाय?" त्यांनी एका काडीवर बोट ठेवलं.

"तुम्हीच, अण्णा."

"मी इतका बारीक कवा झालो, ताई?" ते पोट धरून हसले. मग मात्र त्यांनी पिशवी हातात घेतली आणि गंभीर होऊन बघितली. "यात ट्रकवाले न्हाईत."

"आहेत की, हे गिऱ्हाईक."

"हे बाकड्यावरचे. खाली न उतरता हॉर्न मारून च्या मागतेत ते कुटं हायेत? माझा आर्धा च्या तर त्येच पितेत."

अर्धा तास मी तिथे बसले होते. हॉर्न चार वेळा वाजला असेल. मला ऐकू आला, पण दिसला नाही, कारण मी फक्त बाकड्यांकडे बघत होते. घरी आल्यावर मी वहीत लिहून ठेवलं: 'जे बसलेत तेवढेच मोजू नयेत.' सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली, आणि विसरून गेले.

त्यानंतर मात्र माझा हात बसला. इतका बसला की मी गावोगावी चौकोन काढत सुटले. एक किस्सा सांगायलाच हवा. आमच्याच घाटनांदूरला नाना म्हणून एक पुढारी आहेत. त्यांचं मंगल कार्यालय. बापूंच्या ओळखीतले, म्हणून मला अजून 'पोरी' म्हणतात. त्यांना तारखांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं. मी गोल काढले: विचारणा, तोंडी, पक्की, लग्न झालं. एका गोलातून दुसऱ्यात बाण. वस्तू कोणकोणत्या अवस्थांतून जाते, ते अशा चित्रात दिसतं.

"नाना, पक्की झालेली तारीख मोडते का कधी?"

"पक्की म्हंजी पक्की! नानाचा सबद हाय."

मी बाण बंद करायला गेले, तर नाना खाकरले. "तसं, साहेबांच्या घरचं लगीन निघालं तर जरा बघावं लागंल."

मी 'पक्की'मधून मागे 'तोंडी'कडे जाणारा बाण काढला. नाना बराच वेळ त्या बाणाकडे बघत राहिले. "पोरी, हे असं काढल्यावर लई वाईट दिसायलंय गं."

"खरं आहे का पण?"

"खरं हाय. तू काढू नको."

मी बाण खोडेना आणि नाना सही करीनात. शेवटी तोड त्यांनीच काढली. "असं कर, पक्कीच्या फुडं आनखी एक गोल काढ. 'लई पक्की'. त्यातून बाण न्हाई निघाला पायजे. साहेबांचा बी न्हाई." तो गोल सॉफ्टवेअरमध्ये गेला. आजही घाटनांदूरला मुलीचा बाप कार्यालयातून बाहेर पडताना विचारून घेतो, "नाना, पक्की का लई पक्की?"

असं असतं ते. माणूस तोंडाने काहीही बोलतो, पण चित्र समोर ठेवलं की स्वतःलाच पकडतो. मला माझ्या कामाचा गर्व वाटायला लागला होता, खोटं कशाला बोलू. राजाभाऊ नवीन पोरांना सांगायचे, "ताईंच्या नजरेतून काही सुटत नाही." मीही ते ऐकून पदर सावरायची.

आणि मग माजलगाव भागातल्या एका साखर कारखान्याचं काम आलं. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांनी चांगला निर्णय घेतला होता: हंगामात जितकी माणसं ऊस तोडायला येतील त्या सगळ्यांना ओळखपत्र द्यायचं. कार्ड दाखवलं की कारखान्याच्या दवाखान्यात औषधपाणी फुकट, आणि दुखणं मोठं असेल तर बीडच्या डॉक्टरच्या नावाने कॉम्प्युटरमधून चिठ्ठी. ती चिठ्ठी नेली की तिथेही फुकट. नोंदणीचं, कार्डांचं आणि चिठ्ठ्यांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे.

मी गेले. शेतकी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बसले. त्यांनी सोपान मुकादमांना बोलावून घेतलं होतं. मुकादम म्हणजे तोडकऱ्यांची टोळी जमवून आणणारा माणूस. पांढरी टोपी, खणखणीत आवाज, तोंडाने गोड.

"टोळीत किती माणसं असतात, मुकादम?"

"बारा कोयते, मॅडम."

मी वहीत लिहिलं: कोयता. बारा.

आता बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी माणसं माणशी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटाच गडी किंवा एकटीच बाई असेल तर अर्धा कोयता. बीड जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मलाही होतं. आणि म्हणूनच मी पुढचा प्रश्न विचारला नाही. माहीत असलेली गोष्ट कोण विचारतो?

चित्र झकास जमलं. कारखाना, मुकादम, कोयता, कार्ड, दवाखाना, चिठ्ठी. सहा चौकोन. एका मुकादमाकडे अनेक कोयते, एका कोयत्याला एक कार्ड. 'कोयता' या चौकोनाच्या मधल्या कप्प्यात: नाव, गाव, वय, पुरुष की स्त्री, फोटो. शिवाय कुणी लबाडीने दोन कार्डं घेऊ नयेत म्हणून मी अट घातली की एक कोयता दोनदा नोंदवायला गेलं तर कॉम्प्युटरने नको म्हणायचं. त्याचं वाक्यही मीच रचलं: 'हा कोयता आधीच नोंदलेला आहे. कृपया पुन्हा नोंदवू नये.' तो 'कृपया' घातल्याचं मला भारी कौतुक होतं.

शेतकी अधिकाऱ्यांनी चित्र बघितलं, सही केली. राजाभाऊंनी बघितलं, म्हणाले, "ताई, फ्रेम करून लावा." सोपान मुकादम म्हणाले, "एकदम बराबर हाय, मॅडम," आणि त्यांनीही वळणदार सही केली. सगळे खुर्चीवर बसलेले होते. एकही हॉर्न वाजला नाही.

हंगाम सुरू झाला, कार्डं वाटली गेली. दुसऱ्या आठवड्यात मी दवाखान्यातल्या कंपाउंडरना, सलीमभाईंना, चिठ्ठ्या काढताना कुठे अडतंय का ते बघायला गेले. सकाळची वेळ, बाहेर दहा-पंधरा माणसं. मला बघताच सलीमभाई म्हणाले, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर लई कडक हाय. परवापासून या बाईला हैरान करून सोडलंय."

कोपऱ्यात एक बाई उभ्या होत्या. तिशीच्या आतबाहेर, पदराचं टोक डाव्या डोळ्यावर दाबून धरलेलं. त्या इंदूबाई.

"काय झालं, इंदूबाई?"

"उसाचं पान लागलं ताई, डोळ्याला. परवा आलते. ह्ये म्हनले, नाव लागंना, कोयता भरलाय. काल यांनी मालकाच्या नावानं चिठ्ठी काढून दिली. बीडला गेलते. तितं म्हनले, अंकुश कोन हाय? म्या म्हनलं, मालक हाय माजा. म्हनले, कुटंय? म्या म्हनलं, फडात, ऊस तोडायलाय. म्हनले, मग त्यालाच पाठवा." त्यांनी सगळ्यांकडे एका डोळ्याने बघितलं. "दुखणं माजं आन् डोळं तपासायला त्यो!"

रांगेतली माणसं हसली. मीसुद्धा हसले. हे लिहायला लाज वाटते, पण हसले. सांगण्याची त्यांची ढबच तशी होती.

मग त्यांनी पदर बाजूला केला आणि माझं हसू तोंडातच राहिलं. डोळा लालभडक, पाणी गळत होतं आणि बुबुळावर करड्या रंगाचा डाग दिसत होता. दवाखान्याचे डॉक्टर आतून म्हणाले, "मी थेंब दिलेत, पण हे माझ्या हातातलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच्या आज जायला हवं. आधीच दोन दिवस गेलेत."

मी सलीमभाईंना उठवलं आणि स्वतः बसले. इंदूबाईंचं नवऱ्याच्या नावासकट नाव टाकलं, गाव टाकलं, मुकादम सोपान. पडद्यावर उमटलं: 'हा कोयता आधीच नोंदलेला आहे. कृपया पुन्हा नोंदवू नये.' पुन्हा केलं, पुन्हा तेच. कृपया, कृपया. माझ्याच शब्दांनी मला सणसणीत ठेवून दिली.

अर्धा कोयता म्हणून टाकून बघितलं. तेही घेईना, कारण नवरा टोळीत असलेली बाई अर्धा कोयता होऊ शकत नाही, अशीही अट होती. तीसुद्धा माझीच. मी फार विचारपूर्वक काम केलं होतं ना!

राजाभाऊंना फोन लावला. ऐकून ते म्हणाले, "ताई, चौकोनच चुकलाय. नुसती अट काढून भागणार नाही. दोन दिवस तरी लागतील."

"राजाभाऊ, डोळा आहे हो बाईचा!"

"मग कॉम्प्युटर सोडा आणि बाईला उचला."

पंधरा वर्षांत त्यांनी मला दिलेला हा सगळ्यात चांगला सल्ला. डॉक्टरांनी हाताने चिठ्ठी लिहिली. बीडच्या डॉक्टरांनी ती मानावी म्हणून खाली कुणीतरी जिम्मेदारी घेतल्याची सही हवी होती. शेतकी अधिकारी दौऱ्यावर. मीच सही केली. पुढे 'हुद्दा' लिहायचा होता. मी लिहिलं, 'चित्र काढणारी'.

ऑफिसच्या जीपमध्ये आम्ही दोघी मागे बसलो. माझ्या मांडीवर फाइल, फाइलवर ते सहा चौकोनांचं चित्र. इंदूबाईंनी उघड्या डोळ्याने ते बघितलं. "ह्ये काय काढलंय, ताई?"

"तुमच्या कारखान्याचं काम. हे मुकादम, हा दवाखाना."

"आमी कुटं?"

मी 'कोयता' दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. उसाच्या पानांनी कापून कापून बोटाची कातडी चरबट झालेली.

"ह्यात कोन हाय? त्यो का मी?"

"दोघं."

"दोगं कसं बसतेल येवड्यात? नाव तर येकच लिवलंय." मग मला शाळेतल्या पोरीसारखं समजावून सांगायला लागल्या. "हे बगा, त्यो तोडतो. मी बी तोडते. मोळी मी बांदते. उचलून ट्रकवर मी चढवते. रचतो त्यो. त्यो आजारी पडला तर कोयता मोडतो. मी पडले तरी मोडतो. मग कोयता त्यो बी न्हाई आन् मी बी न्हाई." त्यांनी बाजूच्या कोऱ्या जागेत दोन बोटं टेकवली, अंतर ठेवून. "ह्यो अंकुश. ही मी. आन् कोयता ह्यो, आमच्या मदी." दोन बोटांमधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. त्यासाठी पदर सुटला, तो त्यांनी घाईने पुन्हा डोळ्यावर दाबला.

मी पेन काढलं आणि हलत्या जीपमध्ये तसंच काढलं. दोन माणसं, दोन चौकोन. मधे रेषा. आणि कोयता त्या रेषेला लटकवलेला, तिसरा. राजाभाऊंनी नंतर ते बघितलं आणि पुस्तकाचं एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. अगदी तेच चित्र, त्याला भारदस्त नावसुद्धा होतं. दोन वस्तूंच्या नात्यालाच जेव्हा स्वतःची माहिती असते, तेव्हा त्या नात्याचा चौकोन करायचा.

"हे पान मला कावून नाही शिकवलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, आपल्याकडे लागणार नाही."

मी तरी कुठे विचारलं होतं?

डोळा वाचला. पण बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन दिवस आधी आल्या असत्या तर काहीच राहिलं नसतं. बुबुळावर फूल पडलं. डाव्या डोळ्याने त्यांना आता धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. ते दोन दिवस माझे आहेत. राजाभाऊ म्हणाले, ताई, सह्या सगळ्यांच्या होत्या. होत्या, पण पेन माझं होतं. आणि मी स्वतः बाई असून मला त्या चौकोनात एक बाई कमी आहे, हे दिसलं नाही, याचा राग मला आजही येतो, स्वतःचाच.

सॉफ्टवेअर बदललं. नवी यादी छापून निघाली तेव्हा सोपान मुकादम ती हातात धरून ऑफिसात आले. "मॅडम, बारा कोयत्यांची चोवीस मान्सं कवा झाली?"

"पहिल्यापासून होती, मुकादम."

"पर बायकांची नावं रिकामी हायेत हितं."

"ती तुम्ही भरून आणायची."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. सहा वर्षं त्याच टोळीचे मुकादम, पण बायका त्यांना ठाऊक होत्या त्या अमक्याची बायको आणि तमक्याची आई म्हणून. बिचारे तोडकऱ्यांच्या कोपी-कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडी-झोपडीला, वही घेऊन हिंडले. सलीमभाईंनी नंतर मला सांगितलं की बायकांनी त्यांची पार भंबेरी उडवली. "कावून मुकादम, इतक्या सालानं नाव इचारायलाव? सोयरीक जमवायची हाय का?" एकीने तर मुद्दाम तीन वेळा वेगवेगळं नाव सांगितलं आणि तिन्ही वेळा खोडायला लावलं. पण वही भरली. बारा नावं, मुकादमांच्या त्याच वळणदार अक्षरात.

आता एकच सही राहिली होती. मी राजाभाऊंना सांगितलं, यापुढे चित्रात जो सगळ्यात खाली आहे, त्याने बघितल्याशिवाय माझं चित्र पुरं होणार नाही. ते म्हणाले, "वेळ लागेल, ताई." मी म्हटलं, "लागू द्या. एकदा वाचवलेला वेळ कुणाच्या डोळ्यात गेलाय, बघितलंत ना." त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी मला कधी घाई केली नाही.

नवं चित्र घेऊन मी कोप्यांवर गेले. दुपारची जेवणं झाली होती. इंदूबाई दारात बसून कोयत्याला धार लावत होत्या. त्यांचं नवं कार्डही मी नेलं होतं. त्यांनी ते उजव्या डोळ्याजवळ धरलं. स्वतःचा फोटो, स्वतःचं नाव. अंकुशला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "फोटूत लई रागावलीस," तर म्हणाल्या, "तुज्याच नावाची चिठ्ठी घेऊन गेलते, त्यो राग हाय."

मग मी चित्र पसरलं. त्यांनी बोट फिरवत फिरवत सगळं बघितलं. "ह्यो अंकुश. ही मी. ह्यो आमचा कोयता. ह्यो मुकादम, ह्यो दवाखाना." बोट कागदाच्या कडेपर्यंत गेलं आणि परत आलं. "समदे आले. तुमी कुटं हायसा ह्यात, ताई?"

"मी नाही यात. चित्र काढणारा चित्रात नसतो."

"नाव बी न्हाई?"

"नाही."

"कुटंच न्हाई?"

"नाही हो, तशी पद्धतच आहे." मी हसले.

त्या हसल्या नाहीत. धार लावायचा दगड त्यांनी खाली ठेवला आणि दोन्ही डोळ्यांनी, चांगल्या आणि फूल पडलेल्या, माझ्याकडे बघितलं.

"मग तुमच्या डोळ्यात काई गेलं तर, ताई?"